रविवारच्या भक्तीतून लेकरांना बाहेर पाठवावं का?

जालनाकर_ताई (धागाकर्ती):

जय ख्रिस्त मंडळी.

आमच्या चर्चमध्ये सध्या एक विषय निघालाय. जूनपासून लहान मुलांना भक्तीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागच्या खोलीत बसवायचं, म्हणजे मोठ्यांना शांतपणे उपासना करता येईल, असं कमिटीतल्या काहींचं म्हणणं आहे. मी इथं जालन्यात बरीच वर्षं संडे स्कूल घेते. मुलांना त्यांच्या वयाला झेपेल असं शिकवायलाच हवं, त्यात वाद नाही. पण भक्तीतून त्यांना पूर्णच काढलं तर त्यांच्यापेक्षा आपलंच जास्त नुकसान होईल, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा.

मी काय बघते ते सांगते. उन्हाळ्यात पाण्याचे काय हाल होतात ते मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. वर्गात प्रार्थनेआधी मी विचारते, कुणाला काय मागायचंय. एका पोराने डोळे उघडे ठेवूनच मागितलं, "देवा, आमच्या बोअरला पाणी येऊ दे. टँकर दोन दिवसाआड येतो. म्हशीला लई लागतं. आमेन." पुढच्या रविवारी मी विचारायच्या आतच तो म्हणाला, "ताई, अजून नाही आलं. परत सांगू."

रुसवा नाही, संकोच नाही. आपण मोठी माणसं मागायच्या आधीच, नाही मिळालं तर मनाची समजूत कशी घालायची याची तयारी करून ठेवतो आणि मग सुंदर शब्दांत प्रार्थना करतो. त्या पोराने फक्त मागितलं, आणि पुन्हा मागितलं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायाची सुरुवातच अन्यायी न्यायाधीशाकडे खेटे घालणाऱ्या विधवेपासून होते, आणि त्याच अध्यायात पुढे येशू बालकांना जवळ बोलावतो. हे दोन्ही मी आजवर वेगवेगळे शिकवत आले होते. आता एकत्र शिकवते.

तुमच्या मंडळीत काय पद्धत आहे? आणि लेकरांकडे बघून तुमच्या स्वतःच्या भक्तीत काही बदललं असेल तर तेही लिहा.

पेटीवाला_परभणी:

ताई, चांगला विषय. मी पेटी वाजवतो, त्यामुळे माझं तोंड मंडळीकडे असतं. पाळकसाहेब सोडले तर सगळ्यांचे चेहरे दिसणारा मी एकटाच.

काय दिसतं ते सांगतो. पहिलं कडवं सगळे म्हणतात. दुसऱ्या कडव्याला मोठ्यांची नजर पुस्तकातून निघते आणि फिरायला लागते, दारातून कोण उशिरा आलं, पंखा कुणावर आहे, पुढच्या बाकावरच्या बाईंची साडी नवी आहे का. ओठ हलत असतात. 'उपासना संगीत'मधली गाणी आपल्याला इतकी पाठ आहेत की मन नसलं तरी तोंड चालू राहतं. लहान लेकरांना वाचता येत नाही, म्हणून ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात आणि शेवटचा शब्द पकडून जोरात ओढतात. "तारका" असेल तर नुसतं "काऽऽ" ऐकू येतं. पण त्या "काऽऽ"मध्ये पूर्ण पोर असतं. मान, हात, पाय, सगळं. एक चिमुरडी तर बाकावर उभी राहून टाचा उचलूनच गाते, उंच सूर लागायला उंच व्हावं लागतं असं बहुतेक तिला वाटतं.

झावळ्यांच्या रविवारी आमच्याकडे शिंदीची पानं आणतात, ओढ्याकाठी मिळतात ती. टोकं भलतीच टोचतात. मोठी माणसं पान घेतात, मिरवणुकीत दोनदा हलवतात आणि आत आल्यावर बाकाखाली ठेवून देतात. लेकरं उपदेश होईपर्यंत हातातलं पान सोडत नाहीत. मत्तय २१ वाचा. येशू यरुशलेमेत आला तेव्हा रस्त्यावर "होसान्ना" म्हणत जयजयकार करणारा जमाव मोठ्यांचा होता. पण मंदिरात, मुख्य याजकांच्या तोंडावर, "दावीदपुत्राला होसान्ना" म्हणत राहिली ती लेकरं. मोठ्यांनी रस्त्यावर सुरू केलेलं गाणं त्यांनी आत नेलं. याजकांना राग आला तेव्हा येशूने त्यांना आठवं स्तोत्र ऐकवलं, पोरांना गप्प केलं नाही.

आणि ती ते शब्द शिकली कुणाकडून? रस्त्यावरच्या मोठ्यांकडूनच. त्या मिरवणुकीत लेकरं मागच्या खोलीत असती तर मंदिरात तो आवाज आलाच नसता.

स्पष्ट_लातूरकर:

दोघांचं वाचलं. मन भरून आलं, पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी.

आमच्या मंडळीत अशा बाया येतात ज्या सहा दिवस दुसऱ्यांच्या घरी भांडी घासतात किंवा रानात खुरपायला जातात. त्यांना आठवड्यात शांत बसायला मिळणारी जागा ही एकच. त्यांनी डोळे मिटले आणि मागून पोरांची मारामारी ऐकू आली तर त्यांनी काय करायचं? त्यातल्या निम्म्या जणी आया आहेत. घरीही त्याच सांभाळतात, चर्चमध्येही त्यांनीच सांभाळायचं आणि उपदेशाचं एक वाक्य कानावर न पडता घरी जायचं. लेकरांची भक्ती बघून आपण भारावतो, पण त्या आईच्या भक्तीचं काय?

दुसरं, लेकरांना देवदूत करू नका. ती हिसकावतात, खोटं बोलतात, कंटाळतात. पौल करिंथकरांना स्पष्ट लिहितो की समजुतीने बालके होऊ नका, दुष्टपणाच्या बाबतीत तान्ह्या मुलांसारखे असा, पण समजुतीने प्रौढ व्हा (१ करिंथ १४:२०). मोठ्या माणसाच्या भक्तीत पश्चात्ताप असतो, दुःख असतं, शंका असते. ज्याचं तरणं पोर गेलंय त्याला टाचा उचलून गाता येत नाही. त्याची गप्प भक्ती कमी मनापासूनची आहे का?

जालनाकर_ताई:

@स्पष्ट_लातूरकर, दोन्ही मुद्दे मनाला लागले. आयांचा मुद्दा आमच्या बैठकीत कुणीच मांडला नव्हता.

देवदूतांबद्दल मात्र थोडं लिहिते. लेकरं निष्पाप असतात म्हणून येशूने त्यांना जवळ घेतलं, असं मला वाटत नाही. लूक १८ पुन्हा ओळीने वाचा. आधी विधवा, जिच्या पाठीशी कुणी नाही. मग परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धार्मिक माणूस, आणि जकातदार, त्यातला जकातदार वर बघायलाही धजत नाही. मग बालकं. आणि लगेच तो श्रीमंत अधिकारी, ज्याच्याकडे सगळं आहे आणि जो खिन्न होतो. अध्यायात एकच गोष्ट चालली आहे, देवापुढे कोण रिकाम्या हातांनी उभा राहतो. त्या काळात लहान मुलाला काही मान नव्हता, दाखवायला पुण्य नव्हतं, परतफेड करायची ऐपत नव्हती. तो फक्त घेऊ शकत होता. शिष्यांनी दटावलं ते त्याचसाठी, गुरुजींचा वेळ अशांवर कशाला घालवायचा. मार्क तर सांगतो की हे बघून येशू रागावला.

त्यामुळे तुम्ही म्हणता तो पोर गेलेला बाप माझ्या हिशेबात लेकरांच्याच रांगेत आहे. त्याच्याकडेही दाखवायला काही उरलेलं नाही. तो गप्प बसतो तेव्हा त्याचं मन पूर्ण तिथं असतं. मला चिंता आहे ती माझ्यासारख्यांची, ज्यांचं सगळं ठीक चाललंय आणि ज्यांना चांगल्या शब्दांत प्रार्थना करता येते.

बेथेलच्या_वाटेवर:

सर्वांना सलाम. वय झालंय, टायपिंग हळू होतं, सांभाळून घ्या.

आमचं घराणं जालन्याच्या जुन्या मंडळीतलं. नारायण शेषाद्रींनी १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ बेथेल वसवलं. त्या पिढीच्या भक्तीबद्दल आमच्या आजीकडून ऐकलं ते असं, की घर आणि चर्च यांत भिंत नव्हती. संध्याकाळी कंदिलाभोवती सगळं घर बसायचं, तान्हं मांडीवर, म्हातारं खाटेवर. शास्त्र वाचणारा एक, ऐकणारे सगळे. कुणी लेकराला "तुला कळत नाही, बाहेर जा" म्हणायचं नाही, कारण पुष्कळ मोठ्यांनाही तेव्हा वाचता येत नव्हतं. आई आणि लेक एकत्रच शिकायच्या.

संडे स्कूलचं मूळही लक्षात घ्यावं. १७८० मध्ये इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी ज्या मुलांना गोळा केलं ती सहा दिवस कामाला जुंपलेली गरिबांची मुलं होती. त्यांना रविवारी वाचायला शिकवायचं, आणि चर्चलाही न्यायचं. मोठ्यांना शांतता मिळावी म्हणून ती शाळा निघाली नव्हती.

आणि शास्त्र तर उघडंच आहे. अनुवाद ३१ मध्ये मोशे सांगतो, पुरुष, बायका, मुलंबाळं सगळ्यांना जमवा. योएल संकटाच्या काळात उपासाची सभा बोलावतो, तेव्हा अंगावर पिणारी बाळंसुद्धा आणा म्हणतो. रडण्याच्या सभेतही बाळं हवीत. नहेम्या १२ मध्ये यरुशलेमच्या भिंतीचं समर्पण झालं तेव्हा बायकामुलांनीही आनंद केला आणि तो दूरवर ऐकू गेला, असं लिहिलंय.

एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे हंगामाच्या उपकारस्तुतीला लोक धान्य, भाज्या, कोंबड्या आणतात आणि भक्तीनंतर लिलाव होतो. एका वर्षी एक लहान मुलगी गावरान अंडं घेऊन आली, दोन्ही हातांच्या ओंजळीत, रुमालात गुंडाळलेलं. लिलावात एका गृहस्थांनी ते मोठ्या किमतीला घेतलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पोरगी रडायला लागली. आईने विचारलं तर म्हणते, "मी येशूला दिलं होतं, त्या काकांनी का घेतलं?" तिला समजावताना आमच्या पाळकसाहेबांना बराच वेळ लागला. मी तेव्हा खजिनदार होतो. वहीत रक्कम लिहिताना पहिल्यांदाच वाटलं की आपण आकडे लिहितो, आणि हे कुणीतरी खरोखर कुणाला तरी दिलेलं आहे.

गेवराई_ऊसतोड:

आमची मंडळी लहान हाय. दिवाळीच्या पुढंमागं निम्मी घरं कुलूप लावून कारखान्यावर जातेत. टोळीसंगं लेकरंबी जातेत, शाळा बुडती, चर्चबी बुडतं. नाताळ आमचा कोपीतच, म्हंजी तोडीवरच्या झोपडीतच, असतो. पाळक नाही, पेटी नाही. उचल घेतलेली असती, मुकादम सुट्टी देत नाही, पहाटं अंधारात तोडीला जावं लागतं.

एका नाताळला आम्ही रात्री गाडी भरून आलो, अंग मोडून आलतं. बायकोनं भाकरी टाकल्या. कुणाच्या डोक्यातबी नव्हतं आज काय हाय. माझी पोरगी तवा सहा वर्षांची आसंल. तिनं उसाच्या पाचटाचा गोठा केलता, आमच्या कोपीच्या दाराशी. त्यात एक चिंधीचं बाळ. शेजारच्या कोपीतली लेकरं गोळा केली, ती आमच्यातली नव्हती, पण आली. चर्चमधी ऐकलेलं एक गाणं तिला येत व्हतं, तेवढंच परत परत म्हनली. मग मला म्हनली, "दादा, प्रार्थना तुमी करा, मोठ्यांनी करायची असती."

मला शब्द सुचंना. हात काळे, उसाची कूस अंगात टोचायली. तरी केली. चर्चमधी मी कवा तोंड उघडत नाही, मागं बसतो, तिथं शिकलेले लोक प्रार्थना करतेत. त्या रात्री उघडलं.

तवा बाहेर पाठवायच्या आधी एवढं बघा, की तुमच्या लेकरानं जे ऐकलंय तेच ते दूर गेल्यावर काढून देतं. माझ्या पोरीनं ते गाणं आमच्या मांडीवर बसूनच ऐकलतं.

पेटीवाला_परभणी:

@गेवराई_ऊसतोड, भाऊ, तुमचं लिहिणं घरात मोठ्यांदा वाचून दाखवलं. ते गाणं कोणतं होतं ते कळवा, या नाताळला आम्ही घेऊ.

छावणीचा_कॅथलिक:

छत्रपती संभाजीनगरहून लिहितोय. आमच्याकडे मुलं मिस्सामध्येच, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेतच असतात, त्यामुळे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो.

आमच्या चर्चच्या इतिहासातली एक गोष्ट इथं उपयोगी पडेल. पूर्वी पहिला कम्युनियन, म्हणजे मुलाने पवित्र भाकर पहिल्यांदा घेणं, बऱ्याच ठिकाणी दहा, बारा, अगदी चौदाव्या वर्षापर्यंत लांबायचा, कारण मुलाला पूर्ण समज आली पाहिजे असं मानलं जाई. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी हे वय साधारण सात वर्षांवर आणलं. मुलाला साधी भाकर आणि ख्रिस्ताचं शरीर यांतला फरक त्याच्या परीने कळला तरी पुरे, असं ठरलं. म्हणजे समज आणि योग्यता यांवर तेव्हाही असाच वाद होता. पुढे १९७३ मध्ये मुलांसोबतच्या मिस्सासाठी रोमहून स्वतंत्र मार्गदर्शन आलं. त्यात मोठ्यांच्या मिस्सामध्ये मुलं असतील तर त्यांच्याकडे दुर्लक्ष होऊ नये हे आहेच, शिवाय हालचाल, मिरवणूक आणि शांतता या तिन्हींचा विचार केलाय. शांततेचाही, हे मला विशेष वाटतं. लेकरं शांत बसूच शकत नाहीत हा आपला समज आहे. घंटा वाजते आणि फादर भाकर वर उचलतात, त्या क्षणी आमच्या चर्चमधली अगदी खोडकर पोरंही मान वर करून बघतात. मोठे माना खाली घालतात, ते आदराने. पोरं बघतात. दोन्ही भक्तीच आहे, पण अलीकडे मीही बघायला लागलोय.

पैठणचा_शेजारी:

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे, पण धागा वाचून राहवलं नाही. आमच्या हरिपाठात लहान पोरं मोठ्यांच्या पायांत उभी असतात, टाळ चुकवतात, पावली चुकवतात, कुणी बाहेर काढत नाही. चुकत चुकतच पावली बसते. आणि आमच्या पैठणच्या नाथांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारं लेकरू त्यांनी कडेवर उचलून घेतलं, ते कुणाचं हे न बघता. तुमच्या येशूने लेकरांना कवेत घेतल्याचं वाचलं तेव्हा तीच आठवली. एवढंच.

बेथेलच्या_वाटेवर:

@पैठणचा_शेजारी, तुम्ही लिहिलंत, फार बरं वाटलं. आमच्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आमची भक्ती अभंगांत आणि कीर्तनात आणली ती तुमच्याच अंगणातून. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. लोक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणत, हेही या धाग्यात यायला हवं.

नांदेडची_आई:

दोन दिवस हा धागा वाचतेय, लिहू की नको करत होते.

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, नऊ वर्षांचा. त्याला बोलता फारसं येत नाही. गाणं सुरू झालं की तो डुलतो आणि एक लांब आवाज काढतो, गाणं संपलं तरी थोडा वेळ चालू असतो. ढोलकी जोरात वाजली की कानांवर हात ठेवून बाहेर पळतो. एका चर्चमध्ये आम्हाला हळूच सांगितलं गेलं की घरी प्रार्थना केलीत तरी देव ऐकतो. कुणी वाईट हेतूने म्हणालं नव्हतं. पण त्यानंतर पुष्कळ रविवार आम्ही गेलोच नाही.

आता ज्या मंडळीत जातो तिथं एका आजीने स्वतःहून सांगितलं की दाराजवळचा शेवटचा बाक तुमचा, त्याला पळायचं असेल तर वाट मोकळी. ढोलकीवाला भाऊ आम्ही आलेलो दिसलो की हात हलका ठेवतो. माझा मुलगा सगळ्या भक्तीत एकच गोष्ट नेमकी करतो. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की डुलणं थांबवतो आणि माझा हात धरतो. "आमेन"ला सोडतो. त्याला त्यातलं किती कळतं हे मला कुणी विचारू नये. मला स्वतःला ती प्रार्थना म्हणताना पूर्वी किती कळत होतं? आता त्याची बोटं माझ्या हातात असतात, त्यामुळे "आमची रोजची भाकर" म्हणताना मी दुसरीकडे कुठे जाऊ शकत नाही.

वेगळी खोली झाली तर सगळ्यात आधी माझं लेकरू त्या खोलीत जाईल, आणि तिथेही त्याला सांभाळणं अवघड जाईल. म्हणून विनंती आहे, ठरवताना अशा घरांना विचारा.

स्पष्ट_लातूरकर:

@नांदेडची_आई, ताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. माझा विरोध लेकरांना नव्हता, पण तुमच्यासारख्या घराचा विचार माझ्या मुद्द्यात नव्हता, तो आता राहील.

तरी माझा मूळ मुद्दा शिल्लक आहे, आईला कधी ऐकायला मिळणार? शेवटचा बाक त्या आजीने दिला म्हणून चाललं. म्हणजे लेकरं आत ठेवायची असतील तर बाकीच्यांनी हात लावला पाहिजे. आमच्याकडे पुरुष मंडळी डाव्या बाजूला निवांत बसतात आणि रडणारं प्रत्येक लेकरू उजव्या बाजूला असतं. दावीद राजाने देवाच्या कराराच्या पवित्र कोशापुढे नाचताना लाज सोडली हे आपण उपदेशात ऐकतो. एखाद्या बापाने भर भक्तीत लेकरू खांद्यावर घेऊन उभं राहायला तेवढीही लाज सोडावी लागत नाही. उपदेशाची वेळ मात्र लेकरांसाठी खरोखर लांब आहे. तेवढ्यापुरता वेगळा वर्ग असेल तर माझी पूर्ण संमती.

जालनाकर_ताई:

सगळ्यांचे आभार. तुमचं वाचून कमिटीपुढे ठेवायला मी एक मसुदा केलाय.

सुरुवातीची गाणी, स्तुतीचं स्तोत्र, मध्यस्थीची प्रार्थना आणि अर्पण होईपर्यंत सगळी लेकरं आईबापांबरोबर आत. मध्यस्थीत दर रविवारी एका लेकराने एक विनंती स्वतःच्या शब्दांत करायची, मोठ्यांनी लिहून द्यायची नाही, घोकून घ्यायची नाही. अर्पणाची थैली लेकरांनी फिरवायची. उपदेशाला लहानांचा वर्ग मागच्या खोलीत, आणि प्रभूभोजनाच्या रविवारी त्याआधी सगळी परत आत, आशीर्वादापर्यंत. दाराजवळचे दोन बाक राखीव, ज्यांच्या लेकरांना बाहेर-आत करावं लागतं त्यांच्यासाठी, आणि त्या घरांशी आधी बोलूनच. तान्ह्यांना धरून बसायची पाळी पुरुषांनीही घ्यायची. हा शेवटचा मुद्दा बेथेलच्या आजोबांनी कमिटीत मांडला तर जास्त वजन पडेल, आजोबा, जमेल का?

पेटीवाले भाऊ, लेकरांना तोंडपाठ करायला सोपी ठरतील अशी चारपाच गाणी सुचवा, पहिल्या महिन्यात तीच फिरवून घेऊ म्हणजे वाचता न येणाऱ्यांनाही शेवटच्या शब्दाच्या पुढे जाता येईल.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. उपदेशाला लेकरं मागे गेली की त्यांच्याबरोबर दर आठवड्याला मीच थांबले तर मला वर्षभर उपदेश ऐकायला मिळणार नाही, आणि इतर शिक्षिकांचंही तेच. बैठक शनिवारी आहे. तुमच्याकडे पाळ्या कशा लावतात, आईवडील त्यात येतात का, तरुण संघाची मदत घेता का, हे त्याआधी कुणी लिहिलं तर फार उपयोग होईल.

बेथेलच्या_वाटेवर:

मांडतो. शनिवारी किती वाजता?